रंगवणाऱ्या हाताची निगा : प्रस्तावना

गिऱ्हाईक पार्लरच्या दारातून आत येतं तेव्हा भिंतीवरचा दरफलक वाचायच्या आधी त्याची नजर पार्लरवालीच्या हाताकडे जाते. नखं एकसारखी कापलेली, रंग कडेपर्यंत भरलेला, बाजूची कातडी मऊ, असं दिसलं की निम्मा सौदा तिथंच ठरतो. "ताई, तुमच्यासारखंच करून द्या बरं," हे वाक्य या धंद्यातल्या प्रत्येकीनं ऐकलेलं आहे. रंगाचे टवके उडालेले आणि बोटांची टोकं भेगाळलेली दिसली, तर तीच बाई भुवया कोरून घेते, नखांचं "पुढच्या वेळी बघू" म्हणते आणि निघते. पार्लरवालीची नखं ही तिच्या दुकानाची पाटी असते. ही पाटी मात्र दिवसभर ॲसिटोननं भिजते, फाइलखाली घासली जाते, टबातल्या साबणपाण्यात बुडते. ऐन लग्नसराईत, जेव्हा ती सगळ्यात जास्त हात रंगवते, तेव्हा तिचे स्वतःचे हात सगळ्यात वाईट दिसतात. ही पुस्तिका त्या हातांसाठी आहे.

तिची सुरुवात कनेरगाव नाक्यावरच्या गप्पांतून झाली. हिंगोलीहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरचं हे गाव. १९५६ पूर्वी इकडची बाजू हैदराबाद राज्यात होती आणि तिकडचं वऱ्हाड मध्य प्रदेशात. वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून आणि हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला, तरी सोयरिकी दोन्ही अंगांना पूर्वीसारख्याच जुळतात. त्यामुळे इथं पार्लर चालवणारीकडे दोन्हीकडच्या नवऱ्या येतात, दोन्हीकडच्या करवल्या येतात आणि लग्नतिथी लागोपाठ आल्या की सकाळचा चहा दुपारी होतो. शहरातल्या मॉलमध्ये नखांचं काम करणारी मुलगी दिवसभर नखांच्याच टेबलाशी बसलेली असते. इथल्या बाईचं तसं नाही. तीच भुवया कोरते, तीच वॅक्स लावते, तीच केसांना काळा रंग लावते, मेंदी काढते, पेडिक्युअरचा टब भरते आणि मग त्याच हातांनी कुणाच्या तरी नखांवर बारीक फुलं काढायला बसते. शहरातल्या कारागिरांसाठी लिहिलेला सल्ला तिला अर्धाच उपयोगी पडतो. तिच्या नखांवर येणारं संकट एका कामातून येत नाही, ते एका कामाकडून दुसऱ्याकडे जाताना येतं.

दुसऱ्याच्या हाताची सेवा करणं आपल्या गावांना नवं नाही. बारा बलुतेदारांतला न्हावी नहरणीनं नखं काढायचा आणि सुगीला धान्याच्या रूपात बलुतं न्यायचा. कासारीण बाईचा हात आपल्या हातात घेऊन, बोटांचे सांधे दाबून, मूठ लहान करून मापापेक्षा तंग बांगडी चढवायची. दोघांकडेही आपापले हात सांभाळायच्या रीती होत्या. कोणतं हत्यार कुठं धरायचं, कुठल्या बोटानं रेटायचं आणि कुठल्या बोटाला दूर ठेवायचं, हे लेकराला मोठ्यांच्या शेजारी बसून कळत असे. नखांचं आजचं काम या पिढीजात वाटेनं आलेलं नाही. ते महिनाभराच्या वर्गातून किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओतून येतं. त्यात गिऱ्हाइकाचं नख कसं सुंदर करायचं ते शिकवतात, करणारीनं आपली बोटं कशी वाचवायची ते बहुतेक वेळा राहून जातं. ती उणीव भरून काढणं हा या लेखनाचा पहिला हेतू.

नखांना रंग लावायची आपली जुनी वस्तू मेंदी. तिच्या पानातला रंग नखातल्या केराटिनला घट्ट धरतो, म्हणून त्वचेवरची मेंदी दोन आठवड्यांत फिकी पडली तरी नखावरची नख वाढून कापलं जाईपर्यंत टिकते. आजच्या नेलपॉलिशची घडण वेगळी आहे. मोटारींच्या रंगात वापरलं जाणारं नायट्रोसेल्युलोज विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत नखांवर आलं. रेव्हलॉन ही कंपनी १९३२ साली अमेरिकेत नेलपॉलिशच्याच बळावर उभी राहिली. आपल्याकडे १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केली आणि देशात बनलेल्या सौंदर्यप्रसाधनांना हक्काचं नाव मिळालं. पुढे आलेली ॲक्रेलिक आणि जेलची नखं हे दंतवैद्यकाच्या घरातलं रसायन. दात भरायला, कवळी बनवायला वापरतात त्याच कुळातली द्रव्यं नखावर घेऊन हवेत किंवा अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली घट्ट करायची, अशी ही युक्ती. साध्या नेलपॉलिशमध्ये द्रावण उडून जातं आणि रंगाचा पापुद्रा उरतो. जेलमध्ये सुटे रेणू दिव्याखाली एकमेकांत गुंफले जातात. हा फरक नीट समजला की पुढच्या सगळ्या सूचनांचं कारण आपोआप उलगडतं.

नखांचा धंदा जगभर पसरला त्यामागे एक घटना आहे आणि ती या पुस्तिकेच्या विषयाला थेट भिडते. १९७५ साली व्हिएतनाममधून निर्वासित होऊन आलेल्या बायका कॅलिफोर्नियातल्या एका छावणीत राहत होत्या. हिचकॉकच्या 'द बर्ड्स' या चित्रपटाची नायिका टिपी हेड्रन तिथं मदतीला जायची. त्या बायकांना तिची नखं फार आवडली. ते पाहून तिनं आपली नखं करणाऱ्या बाईलाच छावणीत आणलं आणि वीस जणींना हे काम शिकवायची सोय केली. आज अमेरिकेतल्या नेल सलॉनच्या धंद्यात व्हिएतनामी कुटुंबांचा मोठा वाटा आहे, त्याची सुरुवात तिथं झाली. एका बाईच्या नीटनेटक्या नखांनी इतक्या संसारांना आधार दिला. पण त्याच धंद्याची दुसरी बाजू २०१५ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'नं सविस्तर छापली. नखं करणाऱ्या बायकांची तुटपुंजी मजुरी, श्वासाचे विकार, हातांवरचे चट्टे, गर्भपाताच्या तक्रारी त्या वृत्तमालेतून लोकांसमोर आल्या. गिऱ्हाइकाच्या नखांवरची चकाकी आणि काम करणारीची तब्येत या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर घडतात. पहिलीची मोजदाद होते, दुसरीची क्वचितच.

आता नखाकडे येऊ. आपण ज्याला नख म्हणतो तो केराटिनचा निर्जीव पत्रा. जिवंत भाग त्याच्या मुळाशी, कातडीच्या आत असतो. अंगठ्यावर पांढरी चंद्रकोर दिसते तो त्याचाच पुढे आलेला कडा. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. याचा व्यवहारातला अर्थ असा, की वैशाखाच्या लग्नांत घाईनं खरवडलेलं नख तुळशीच्या लग्नापर्यंत आपली खूण दाखवत राहतं. नखाला आणखी एक खोड आहे. ते पाणी झटकन शोषून घेतं आणि फुगतं, वाळलं की आकसतं. वरचा रंग त्या प्रमाणात ताणला जात नाही, म्हणून टोकाशी चीर पडते आणि तिथून टवका उडतो. पार्लरमधल्या बायका रंगाच्या कंपनीला दोष देतात, तेव्हा खरं कारण पुष्कळदा पेडिक्युअरच्या टबात आणि घरी गेल्यावर घासायच्या भांड्यांत असतं.

म्हणून जाणत्या कारागिरणी स्वतःची नखं आखूड ठेवतात. बोटाच्या टोकापुढे जेमतेम दिसेल इतकीच वाढ, कोपरे गोलसर. लांब नख गिऱ्हाइकाच्या कातडीत रुततं, हातमोजा फाडतं आणि सगळ्यात आधी मोडतं. रंग लावताना त्या ब्रशचं टोक नखाच्या कडेवरून आडवं फिरवतात, म्हणजे धार रंगात बंद होते आणि पाण्याला शिरायला फट राहत नाही. खाली बेस कोट न चुकता, कारण गडद लाल रंग थेट नखावर बसला की नख पिवळं पडतं. साधं पॉलिश असेल तर दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा एक पातळ हात पुन्हा. उलट्या हातानं उजव्या हाताची नखं रंगवणं कुणालाच धड जमत नाही, म्हणून दोघी मैत्रिणी मिळून एकमेकींची करतात. हे सगळं लग्नतिथी सुरू व्हायच्या आधी उरकतं, कारण एकदा गर्दी लागली की स्वतःसाठी अर्धा तास सापडत नाही.

खरी परीक्षा जेल काढताना होते. कुणी नवरी महिन्याभरापूर्वी शहरात करून घेतलेलं जेल उतरवायला येते. वरची चकाकी फाइलनं मोडून, ॲसिटोननं भिजवलेला कापूस प्रत्येक नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळायचं. दहा-पंधरा मिनिटांनी एकेक फॉइल काढायचं आणि सुटलेला थर लाकडी काडीनं हलकेच ढकलायचा. या कामात नवरीचं नख एकदाच भिजतं. करणारीचा अंगठा आणि तर्जनी मात्र दहा वेळा कापूस दाबतात, दहा वेळा फॉइल वळतात, दहा वेळा उघडतात. ती बोटं कोरडी पडून पांढरी होतात आणि त्यांच्यावरचा रंग कडेनं विरघळून चिकट होतो. अनुभवी बाई इथं काय करते ते पाहण्यासारखं आहे. ती ॲसिटोनची बाटली हातावर उपडी करत नाही. पंपाच्या बाटलीवर कापूस ठेवून वरून दाबते, तेवढाच कापूस भिजतो. कापूस उचलायला चिमटा घेते. चिमटा नसेल तर तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पेरांच्या मध्ये, नखांच्या बरंच मागे तो पकडते. फॉइलच्या पट्ट्या आधीच कापून, एका बाजूनं दुमडून, ओळीनं मांडून ठेवते. काम सुरू करण्याआधी स्वतःच्या नखांच्या कडांना तेलाचा थेंब चोळते आणि मगच हातमोजा चढवते. तेलाचा हात गिऱ्हाइकाच्या नखाला लागला तर तिथं नवा रंग धरत नाही, म्हणून ही पाळी चुकवायची नाही. आधी तेल, मग मोजा, मग काम.

फाइलचं दुखणं वेगळं. उजव्या हातात फाइल असते आणि डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी गिऱ्हाइकाचं बोट दोन्ही बाजूंनी धरून असतात. फाइल पुढे-मागे जाताना तिची कड डाव्या अंगठ्याच्या नखावरून रोज थोडी थोडी घासते. त्यामुळे या धंद्यातल्या बायकांच्या डाव्या अंगठ्यावरचा रंग सगळ्यात आधी निस्तेज होतो. विजेवर फिरणारी फाइल असेल तर कातडीही सोलते. यावर उपाय स्वस्त आहे. औषधाच्या दुकानात जखमेवरची पट्टी चिकटवायला मिळणारी कागदी टेप डाव्या अंगठ्याला आणि तर्जनीला दोन वेढे गुंडाळायची. गिऱ्हाईक गेलं की काढून टाकायची, दुसऱ्याला तीच वापरायची नाही.

हातमोज्यांबद्दल या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, कारण त्याविषयी गैरसमज फार. मोजे नायट्राइलचे घ्यावेत. लॅटेक्स काही जणींच्या अंगावर उठतं. पण नायट्राइल म्हणजे कवच असं समजून निर्धास्त राहू नये. पातळ नायट्राइलमधून ॲसिटोन काही मिनिटांतच आत झिरपतो आणि मग तो मोज्यात कोंडून नखाशी जास्त वेळ राहतो. जेल आणि ॲक्रेलिकमधली द्रव्यंही थोड्या वेळानं पार होतात. म्हणून नियम साधा ठेवला आहे : मोजा ओला झाला की काढायचा, जेलचा थेंब लागला की बदलायचा, धुऊन पुन्हा वापरायचा नाही. मापाचा मोजा नसेल तर टोकाशी सुरकुत्या पडतात आणि बारीक काम जमत नाही, मग बायका वैतागून तो काढूनच ठेवतात. निम्म्या तक्रारी मापाच्या असतात. काही जणी खर्च वाचवायला फक्त डाव्या हातात मोजा घालतात. काहीच न घालण्यापेक्षा ते बरं, पण ब्रश धरणाऱ्या हातालाही जेल लागतंच.

इथं विषय शोभेपुरता राहत नाही. जेलमधल्या मेथॅक्रिलेटांपैकी हायड्रॉक्सीएथिल मेथॅक्रिलेट, म्हणजे हेमा, हे द्रव्य घट्ट होण्याआधी पुन्हा पुन्हा कातडीला लागलं तर शरीर त्याला कायमचं वैरी ठरवतं. मग बोटांची टोकं लाल होतात, खाजतात, सुजतात, भेगा पडतात. नख बुडापासून सुटू लागतं. कधी हात चेहऱ्याला लागून पापण्या सुजतात. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. त्याच कुळातली द्रव्यं दात भरण्यात आणि सांधा बदलताना हाडाला धरणाऱ्या सिमेंटमध्ये असतात, म्हणून पुढे दंतवैद्याकडे किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ती अडचण बनू शकते. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. युरोपीय संघानं २०२० च्या नियमानं हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांच्या वापरापुरती ठेवली आणि तसं लेबलावर छापायला लावलं. जेल लवकर घट्ट व्हावं म्हणून घातलं जाणारं टीपीओ हे द्रव्य तिथं १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद झालं. आपल्या बाजारातल्या अनेक स्वस्त बाटल्यांवर घटकांची यादीच नसते. अशी बाटली कितीही रंगदार दिसली तरी घेऊ नये, हा सल्ला आम्ही ठळक अक्षरात छापला आहे. दिवाही ज्या जेलचा त्याच मापाचा हवा. दुबळ्या दिव्याखाली वरचा थर कडक होतो, आतला ओला राहतो आणि ते ओलं द्रव्यच बाधतं.

या पुस्तिकेचं मुख्य म्हणणं इथून निघतं. नखांचा दिखावा टिकवणं आणि हात वाचवणं या दोन गोष्टी बहुतेक वेळा हातात हात घालून जातात, पण नेहमी नाही. आखूड नखं, चिमटा, टेप, मोजे, कोरडे हात यांनी रंगही टिकतो आणि कातडीही. दुसऱ्या काही रीती मात्र रंग वाचवतात आणि हात बिघडवतात. रात्री दुकान बंद करता करता उरलंसुरलं जेल स्वतःच्या नखांवर घाईनं फासायचं. कडेनं सुटलेल्या थराच्या खाली ओल असताना वरून नवा थर चढवायचा. टवका उडाला की तो नखानंच उपटायचा, त्याबरोबर नखाचाही पापुद्रा निघून येतो. सुटलेल्या थराखाली ओल कोंडली की जंतू वाढून नख हिरवट दिसू लागतं. बाजूची कातडी खोल कापली की नखुरडं होतं आणि आठवडाभर हात कामाचा राहत नाही. दोन्हींतून एक निवडायची वेळ आली तर हात निवडा, असं ही पुस्तिका सांगते. उघडी, स्वच्छ, तेल लावलेली आखूड नखं घेऊन गिऱ्हाइकासमोर बसण्यात कमीपणा काही नाही. "लग्नसराई आहे ना, नखांना सुट्टी दिलीय," एवढं सांगितलं की बाया समजून घेतात, उलट निगा कशी राखावी ते विचारू लागतात.

हिंगोली जिल्ह्यात या विषयाला हळदीचा एक अध्याय जोडावाच लागतो. हिंगोली आणि वसमतचा बाजार हळदीसाठी नावाजलेला, वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. माघ-फाल्गुनात काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. पार्लर चालवणाऱ्या पुष्कळ जणी शेतकऱ्यांच्या घरातल्या आहेत, त्या दिवसांत त्यांचेही हात हळदीत असतात. हळदीतला पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात, स्पिरिटमध्ये आणि ॲसिटोनमध्ये विरघळतो. म्हणून साबणानं कितीही घासलं तरी फिक्या जेलवरचा पिवळेपणा निघत नाही आणि घासून चकाकी मात्र जाते. स्पिरिटचा बोळा हलक्या हातानं फिरवला तर बराच उतरतो, उरलेला उन्हात फिका पडतो. काढणीच्या दिवसांत पांढरा, गुलाबी असे फिके रंग टाळून विटकरी, मरून असे रंग स्वतःच्या नखांना लावणं शहाणपणाचं. नवरीलाही हेच सांगायचं : नखं हळद लागल्यानंतर करू, आधी नको. केसांच्या काळ्या रंगाचीही हीच गत. त्यातलं पीपीडी हे द्रव्य नखांवरची रंगसंगती तर बिघडवतंच, शिवाय ॲलर्जीचं मोठं कारण आहे. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत ते मिसळलेलं असू शकतं. या दोन्ही कामांना मोजे हवेतच.

घरकामाचं प्रकरण लिहिताना आम्ही थोडं अडखळलो, कारण तिथं पार्लरवालीला एकटीला सांगून भागत नाही. दिवसभर टबात भिजलेली बोटं संध्याकाळी धुण्याच्या सोड्यात, भांड्यांच्या राखेत, गोठ्यात जातात. घरी भांड्यांसाठी जाड रबरी मोजे ठेवावेत, धुणं-भांडी झाली की हात टिपून खोबरेल तेल चोळावं, हे लिहिलं आहे. पण सगळ्यात उपयोगी सूचना घरातल्यांसाठी आहे. तिचा हात हे कमाईचं साधन आहे, तेव्हा लग्नतिथीच्या आठवड्यात भांडी दुसऱ्या कुणीतरी घासावीत.

आणखी एक सूचना जिवाशी गाठ असलेली. ॲसिटोन फार झटकन पेट घेतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकते. ज्या एकाच खोलीत गॅसच्या शेगडीवर वॅक्स तापतं, कोपऱ्यात उदबत्ती जळते, तिथं ॲसिटोनची बाटली उघडी ठेवू नये. भिजलेला कापूस झाकणाच्या डब्यात टाकावा. पंखा वाफ आपल्या तोंडावर न आणता दाराकडे ढकलेल असा ठेवावा. कापडी मास्क वाफ अडवत नाही, तो फार तर थोडी धूळ अडवतो. म्हणून उघडं दार आणि खिडकी यांना पर्याय नाही.

हे सगळं करायला पैसे लागतात, आणि बहुतेक चर्चा तिथंच थांबते. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांतून ब्युटी पार्लरचे मोफत वर्ग होतात, आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे, 'उमेद'च्या बचत गटांतून भांडवल उभं राहतं. २०२३ साली आलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत नाभिकांचा समावेश आहे, ब्युटी पार्लरचं काम वेगळं नोंदलेलं नाही. एकटीनं चालवलेल्या खोलीत कुणी तपासणीला येत नाही आणि हात बिघडला तर भरपाईही मिळत नाही. तेव्हा संरक्षणाचा खर्च दरातूनच निघायला हवा. हिशेब अवघड नाही. शंभर मोज्यांच्या डब्यात पन्नास जोड्या. जेल काढायला दोन जोड्या लागतात असं धरलं तर एका डब्यात पंचवीस गिऱ्हाइकं होतात. डब्याची किंमत पंचविसांनी भागा, त्यात टेप, कापूस, तेल घाला आणि ती रक्कम जेल काढण्याच्या दरात मिळवा. नाक्यावरच्या बायकांनी हा हिशेब मांडून पाहिला तेव्हा वाढ अगदी थोडी निघाली. अडचण पैशांची कमी आणि संकोचाची जास्त होती. स्वतःच्या हातासाठी गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यावेत, हेच पुष्कळ जणींना पटत नव्हतं. तसा दर घेणं योग्यच आहे, हे पटवून देण्यासाठी ही प्रस्तावना इतकी लांबवली.

पुस्तिकेची मांडणी कामाच्या क्रमानं केली आहे : सकाळी दुकान उघडण्याआधी, प्रत्येक काम चालू असताना, दोन कामांच्या मध्ये, दुकान बंद केल्यावर आणि घरी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी भिंतीवर लावता येईल असं एक पान आहे. औषधोपचार आम्ही लिहिलेले नाहीत. बोटांची खाज, भेगा, नख सुटणं आठवडाभरात थांबलं नाही तर जेलचं काम बंद ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं आणि वापरत असलेल्या बाटल्या किंवा त्यांचे फोटो सोबत न्यावेत. कशाची ॲलर्जी आहे ते पॅच टेस्टनं कळू शकतं. २०२४ साली हिंगोली आणि वाशिम दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली आहेत. तिथल्या त्वचारोग विभागांनी पार्लरमध्ये काम करणाऱ्या बायकांचे हात एकदा मुद्दाम तपासावेत, आपल्या भागात या त्रासाचं प्रमाण किती आहे ते नोंदवावं, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

प्रशिक्षण देणाऱ्यांकडेही एक मागणी आहे. नखांच्या वर्गाचा पहिला तास रंगांचा नको, हातांचा घ्या. मुलीच्या हातात ब्रश देण्याआधी तिच्या मापाचा मोजा द्या, टेप गुंडाळायला शिकवा, चिमट्यानं कापूस उचलायला लावा आणि बाटलीवरची घटकांची यादी वाचून घ्या. पहिल्या दिवशी पडलेली सवय पुढची वीस वर्षं साथ देते. आणि जी बाई हे वाचून उद्या सकाळी दुकान उघडणार आहे, तिनं निदान एक गोष्ट लगेच करावी : दरफलकावर जेल काढण्याच्या रकमेपुढे 'हातमोज्यांसह' असं लिहावं.